सासूबाई नावाचं यंत्र

माझ्या मुलाला एक वाईट खोड आहे. चूक दुसऱ्याची असली की तो खडखडीत बोलतो, आणि स्वतःची असली की त्याच्या घशात काहीतरी अडकतं. मग खाकरतो, पाणी मागतो, "बघू" म्हणतो. सहा वर्षांचा असताना त्याने कपाटावरची काचेची बरणी फोडली आणि मांजराचं नाव सांगितलं. मी दोन दिवस मांजरासाठी दार उघडलं नाही, हाका मारल्या नाहीत, दूध दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अहो, तुमचं मांजर परवा पहाटेपासून आमच्या माळ्यावर आहे, चार पिल्लं झालीत." बरणी फुटली होती परवा दुपारी. मी मुलाकडे बघितलं. तो खाकरला. तेव्हाच एक ठेवून दिली असती तर पुढचं सगळं वाचलं असतं, पण एकुलता एक म्हणून हात आवरला. हात आवरायची चूक मी आयुष्यात दोन-तीनदाच केली असेल. त्यातली ही मोठी.

आता तो अडतीस वर्षांचा आहे, टाळूवर चंद्र उगवलाय, पण खोड तिथेच आहे. मी त्याला साहेब म्हणते. त्याला वाटतं कौतुकाने म्हणते.

आमचं दुकान वजनकाट्यांचं. विकायचे, दुरुस्त करायचे, तपासून शिक्का मारून द्यायचे. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, चौथी शिकलेली बाई, काय चालवणार? मी चालवलं. सोनाराच्या नखाएवढ्या तराजूपासून पोती तोलायच्या काट्यापर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलंय. आमच्या दुकानाचा नियम एकच. वजन आधी मध्ये ठेवायचं, मग तेच वजन चारही कोपऱ्यांवर. मधोमध खरं बोलणारा काटा कोपऱ्यावर खोटं बोलतो, आणि गिऱ्हाईक काही माल नेहमी मधोमध ठेवत नाही. चार कोपरे झाल्याशिवाय शिक्का नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, बाहेर गाडी उभी असो, नाही म्हणजे नाही.

साहेब अर्धा दिवस खाली दुकानात बसतो आणि अर्धा दिवस वरच्या खोलीत. वर संगणक आहेत. जगभरातले दीड-दोनशे लोक मिळून, कुणी पगार न घेता, संगणकात घालायची एक व्यवस्था चालवतात. लिनक्स म्हणतात. तसले पुष्कळ कळप आहेत म्हणे, हा त्यातला एक. त्या व्यवस्थेच्या तळाशी असतो कर्नल. सुनेने मला तो असा समजावला: "आई, घरात एक माणूस असतं बघा, कुणाला दिसत नाही, पण त्याच्यावाचून ना नळाला पाणी ना दिव्याला उजेड. तो कर्नल."

मी म्हटलं, "म्हणजे मी."

ती म्हणाली, "तुम्ही दिसता की, आई."

असं बोलते ती. मोजकं, आणि नेमकं नखाच्या कडेला लागेल असं.

हा कर्नल दर आठवड्याला नवा येतो. बनवणारे दुसरे. या कळपाचं काम तो तपासायचं आणि 'पक्का' म्हणून शिक्का मारायचं. शिक्का पडला की कुठल्या कुठल्या लोकांच्या यंत्रांत तो जाऊन बसतो. आणि सगळी यंत्रं काही एका जातीची नसतात. या कळपात पाच जाती चालतात, म्हणून पाचांवर वेगवेगळं तपासावं लागतं. शिवाय जुने दोन कर्नल अजून वापरात, त्यांचीही डागडुजी दर आठवड्याला येतेच. म्हणजे आठवड्याला पंधरा तपासण्या. शिक्का मारायचा हक्क साहेबाचा. तपासणारी सून.

लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काही येत नव्हतं. वर्षभरात साहेबापेक्षा जास्त यायला लागलं, आणि ते साहेबालाही कळलं होतं, कारण तो तिच्यासमोर कमी बोलायला लागला. तिची तपासायची रीत मला पटायची, तोंडावर कधी सांगितलं नाही ती गोष्ट वेगळी. यंत्र चालू झालं एवढ्यावर ती सोडायची नाही. हजारो फाइली डिस्कवर लिहायची, यंत्र बंद करायची, पुन्हा चालू करायची, मग लिहिलेलं परत वाचून मुळाशी जुळवायची. "लिहिलं असं ते म्हणतंय, आई," ती म्हणायची, "पण म्हणणं आणि असणं वेगळं." चौदा महिने तिने हे केलं. आणि चौदा महिन्यांनंतर कळपाने ठरवलं की तिला तिच्या नावाचा शिक्का द्यायचा की नाही याचा निकाल अमुक तारखेला लावू. तिने ती तारीख वरच्या खोलीच्या दाराआड पेन्सिलीने लिहून ठेवली होती. वर नाव नाही, काही नाही, नुसता आकडा. मी विचारलं तर म्हणाली, "माझा वाढदिवस समजा."

आता त्या पाचव्या यंत्राचं. पाच यंत्रांना तिने नावं ठेवली होती. पहिल्या चौघांची मला आठवत नाहीत. पाचवं होतं उंच, काळं, बारा-पंधरा वर्षांचं जुनं धूड. आकडेसुद्धा बाकीच्यांच्या उलट्या बाजूने मांडायचं. तापायचं, घरघरायचं, चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचं, आणि चूक दिसली की ठप्प बसायचं. त्याचं नाव सासूबाई.

हे मला जिन्यात कळलं. मी वर कपडे वाळत घालायला चालले होते आणि आतून सून म्हणत होती, "सासूबाई आज फार तापल्यात, पंखा त्यांच्याकडे वळवा." साहेब हसत होता. पोट धरून. मी कपड्यांची बादली तिथेच ठेवली आणि खाली आले. कपडे आंबले. ते मी तसेच आंबू दिले.

दुसरंही एक आहे, ते आता लिहून टाकते. माझे हात दोन वर्षांपासून थरथरतात. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरते आणि थंडी वाजते म्हणते. सोनाराची वजनं चिमट्याने उचलावी लागतात, राईच्या दाण्याएवढी. सुनेचे हात दगडासारखे स्थिर. मला ती खाली हवी होती, आणि ती वर त्या काळ्या धुडाच्या उशापायथ्याशी बसलेली.

एकदा दुपारी जेवताना साहेबाने विषय काढला. "हे ओझं आता झेपत नाही. आमच्यातले निम्मे कंटाळून गेले. आठवड्याला पंधरा तपासण्या कोण करणार?"

"मी करते की," सून म्हणाली.

"तेच तर. तू एकटी. उद्या आजारी पडलीस तर? मी एक प्रोग्राम लिहितोय. नवा कर्नल आला की तो आपोआप चालू करून बघणार, चालू झाला की नोंद करणार, शिक्का मारणार. पाचही जातींना."

"पाचही यंत्रांवर चालवणार?"

साहेब खाकरला. "एकावर. नव्या. बाकीच्या जातींचं सोंग त्या नव्या यंत्रातच घेता येतं."

"सोंगाला स्वतःची जुनी डिस्क नसते अहो. जे तिथे बिघडतं ते सोंगात दिसणार कसं?"

"शितावरून भाताची परीक्षा करतात ना?"

"एका पातेल्यातला असेल तर. इथे पाच चुलींवर पाच पातेली आहेत. तुम्ही एकातलं शीत चेपून पाचही खाली उतरवताय."

मला हसू आलं, ते मी पाण्याबरोबर गिळलं. सुनेच्या विनोदाला हसणारी सासू फार दिवस सासू राहत नाही.

"काम कमी करायला माझी ना नाही," ती पुढे म्हणाली. "पण कर्नल कमी करा, यंत्रं नका कमी करू. दर आठवड्याचा प्रत्येक पक्का कशाला करायचा? चारातला एक निवडू. मधल्यांना शिक्का नको, ज्याला घाई असेल त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा. चोर शिरेल असं भोक बुजवणारा आला, तर तेवढा मधे घेऊ. यंत्र चालू होतंय का हे तुमच्या प्रोग्रामने बघावं, पण पाचही खऱ्या यंत्रांवर. लिहून परत वाचायचं मी बघते. आठवड्याला सरासरी पंधराच्या चार होतील."

"आणि बाकीचे दर आठवड्याला शिक्के मारत सुटतील, तेव्हा आपण काय टाळ्या वाजवायच्या?"

"त्यांनी विहिरीत उडी मारली तर?"

"आई, बघ ना ही."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तिचं म्हणणं म्हणजे माझाच चार कोपऱ्यांचा नियम होता. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं, ताटावर बसल्या बसल्या. कळूनही मी म्हणाले, "प्रोग्राम करतोय ना तो? करू दे. तू खाली ये, चिमट्याची कामं पडलीत."

ती उठली, ताट उचललं आणि वर गेली. तारखेला दोन महिने होते.

पंधरा दिवसांनी तिची आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सून सहा आठवड्यांसाठी माहेरी गेली. जाताना तिने त्या काळ्या धुडावर एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरांत, मलाही वाचता येईल असा: 'सासूबाईंना बंद करू नये. त्यांनी हो म्हटल्याशिवाय शिक्का नाही.'

मी तो कागद रोज वाचायचे. वर झाडायला म्हणून जायचे आणि वाचायचे. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. खाली एका सोनाराचा तराजू माझ्या हातून दोनदा चुकला आणि तो म्हणाला, "राहू द्या काकू, सूनबाई आल्या की येतो." काकूंनी त्याच्या बापाचा तराजू तपासलाय. तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, आणि मी त्याला हाक मारली. दोघे जण लागले ते धूड जिन्यावरून उतरवायला. कागद त्याच्यावर तसाच होता. भंगारवाल्याने ते आपल्या काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला, मी मान हलवली. त्याच्या काट्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी साहेब वरून ओरडला, "आई, पाचवं कुठंय?"

"गेलं. सोंग घेता येतं ना? घे."

वरून खाकरणं आलं, आणि मग, "बघू."

त्याचं बघणं असं झालं की त्याने काही बघितलंच नाही. प्रोग्राम चालू केला, चौथ्या आठवड्यापासून पाचही जातींना आपोआप शिक्के पडायला लागले, आणि साहेब शीळ घालत जिना उतरायला लागला. कळपातल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली, ते त्याने मला वाचून दाखवलं. मीही म्हणाले, चला, काम कमी झालं.

सहा आठवड्यांनी सून आली. बॅग ठेवून वर गेली. टेबलावर धुळीत एक चौकोन स्वच्छ राहिला होता, यंत्राच्या मापाचा. मी खालून कान देऊन होते. तिने नवऱ्याला विचारलं, त्याने "आई" एवढंच सांगितलं. आता खाली येऊन भांडेल म्हणून मी पदर खोचून बसले होते. ती आली, हात धुतले, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली, चिमटा उचलला आणि म्हणाली, "कोणत्या सोनाराचं आधी?"

मला वाटलं, जिरली.

तिची तारीख आली आणि गेली. दोन दिवस ती काट्यांवर वाकून होती, वर गेलीच नाही. साहेब जेवायला बसायचा आणि अर्ध्यावर उठायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून आम्ही दोघीच होतो. मी वजनं पुसत होते. मला राहवलं नाही, जिभेला खाज सुटली की मला राहवत नाही. म्हटलं, "काय सूनबाई, झाला का वाढदिवस? मिळाला शिक्का?"

"नाही."

"का गं? एवढ्या हुशार तुम्ही."

"एक यंत्र न तपासता तपासलं असं लिहिलं म्हणून."

"कुठलं?"

"सासूबाई."

"कधी?"

तिने तारीख सांगितली. चौथ्या आठवड्यातली.

माझ्या हातातलं फडकं थांबलं. त्या तारखेला ती माहेरी आईची कूस बदलत होती. आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी ते धूड मी माझ्या डोळ्यांदेखत हातगाडीवर चढवलं होतं. मांजर माळ्यावर होतं. बत्तीस वर्षांनी पुन्हा एकदा मांजर माळ्यावर होतं आणि बरणी त्याच्या नावावर फुटली होती.

मी जिन्याखाली जाऊन हाक मारली, "साहेब, खाली या."

"आलो, जरा बघून..."

"खाली ये म्हटलं."

आला. मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सुनेला म्हटलं, "काय झालं ते पहिल्यापासून सांग. कागद असेल तर कागद वाच."

"आई, जाऊ दे ना, ते आमचं आपापसातलं," साहेब म्हणाला.

"तू स्टुलावर बस. पाणी मागायचं नाही."

सुनेने फोन काढला आणि वाचायला लागली. परक्या भाषेतलं होतं, ती मराठी करून सांगत गेली, बातम्या सांगतात तशी, आवाज न चढवता. लांबच्या कुठल्याशा दवाखान्यातल्या एका परिचारिकेचं पत्र. त्यांच्याकडे तसलंच जुनं काळं यंत्र, कुणीतरी दान दिलेलं. त्यात मुलांना टोचलेल्या लसींच्या नोंदी. नवा कर्नल आल्यावर यंत्र नीट चालू झालं, काहीच कळलं नाही. पण त्यानंतर त्याने जे जे लिहिलं ते उलटंपालटं लिहिलं. नोंदींची प्रत वेगळी ठेवलेली होती, तीही त्याच यंत्राने त्याच आठवड्यात नव्याने लिहिली, म्हणून तीही गेली. दोनशे अकरा मुलं. कुणाला काय टोचलं आणि काय राहिलं, काही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून टोचा.

"'पूर्वी मुलं मला चित्रं काढून आणून द्यायची,'" सून वाचत होती. "'आता मला बघितलं की बाकाखाली शिरतात. एकीला दोन माणसांनी धरावं लागलं. तुमच्या शिक्क्यावर पक्का लिहिलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. त्याखाली तपासणाऱ्या बाईंचं नाव आहे. मला त्यांना एवढंच विचारायचं आहे, तुम्ही खरंच बघितलं होतं का?'"

दुकानात पंचवीस काटे आहेत. सगळे शून्यावर उभे होते.

"नाव कुणी घातलं?" मी विचारलं.

"प्रोग्रामने," साहेब म्हणाला. "खरंच आई. पाचव्या यंत्रापुढे तपासणारी म्हणून हिचं नाव आधीपासून होतं. प्रोग्रामने तिथून उचललं."

"तुला कधी कळलं?"

खाकरला.

"कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. पण मला वाटलं, हिच्या नावावर तेवढंच काम दिसेल. शिक्का मिळायला बरं. हिच्यासाठीच राहू दिलं."

"आणि पत्र आल्यावर?"

"आल्यावर... लगेच सांगितलं असतं तर प्रोग्रामच बंद केला असता त्यांनी. माझा हक्क काढून घेतला असता. मी बघत होतो, जरा शांत झालं की..."

"वड्याचं तेल वांग्यावर," मी म्हटलं. "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं?"

"मी लिहिलं, मी त्या दिवशी यंत्राजवळ नव्हते," सून म्हणाली. "कळपाच्या म्होरक्याने विचारलं, मग तुझं नाव कुणी घातलं? त्याचं उत्तर मी दिलं नाही."

"का?"

"हे समोर बसून हात जोडत होते."

साहेबाने मान खाली घातली. मला एकदम त्याचा सहा वर्षांचा चेहरा दिसला, आणि कीव आली नाही.

"अजून लिहिता येईल," मी म्हटलं. "आज लिहितील ते. सगळं."

"लिहू देत. पण त्याने काही होत नाही, आई. एकदा नाकारल्यावर पुन्हा विचारायलाच वर्ष जावं लागतं, आणि वर्षानंतरही प्रत्येक नोंदीवर विचारणार, खरंच बघितलंस का?" तिने फोन पालथा ठेवला. "मी माहेरी चालले. आईला अजून उठता येत नाही. चार यंत्रं घेऊन जाते. पाचवं शोधीन कुठेतरी."

"सासूबाई म्हणायचीस त्याला," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. सगळं सोडून जिभेवर तेच आलं.

"हो. सगळ्यांत खडूस होती आणि सगळ्यांत खरी. बाकी चौघं हो म्हणाले तरी मी तिचं ऐकायचे." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "विकताना वजन कोणत्या काट्यावर केलंत, आई? आपल्या?"

"भंगारवाल्याच्या."

"कोपरे बघितलेत?"

या दुकानात मला कधी कुणी गप्प केलेलं नाही, तिने केलं, आणि त्यासाठी आवाजसुद्धा चढवला नाही.

साहेबाला वाटलं की आता माझा राग तिच्याकडे वळणार. त्याने ती संधी घेतली. "बघ कशी बोलते तुला. आणि यंत्र असतं तर हे झालंच नसतं. विकलं कुणी? मी विकलं का?"

"मी विकलं," मी म्हटलं. "मला राग आला होता आणि मला ही खाली हवी होती. अडाणीपणाने नाही विकलं. कागद वाचून विकलं."

"मग झालं तर! म्हणजे चूक..."

"यंत्र गेलं तेव्हा तुला माहीत होतं की गेलं. माझ्याकडे शिक्का नव्हता. तुझ्याकडे होता."

तो खाकरायला लागला आणि माझं लक्ष गेलं तसा मधेच थांबला. सुनेने स्टुलावरून उठून चिमटा डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं. "आणि काटे कोण तपासणार?" तिने विचारलं. "तुमच्या हातातून कालच दोनदा वजन निसटलं. मी बघितलंय, आई. दोन वर्षं बघतेय."

म्हणजे तिला माहीत होतं. थंडी वाजते म्हणायचे तेव्हाही, कप दोन्ही हातांनी धरायचे तेव्हाही. आणि एकदाही बोलली नव्हती. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा त्या यंत्राच्या नावाचाही आला नव्हता. पण तो राग तिच्यावर काढण्यासारखा नव्हता, तेवढा हिशोब मलाही येतो.

"नाही तपासले जाणार," मी म्हटलं. "न तपासलेल्या काट्यावर शिक्का नाही. दुकानाच्या दारावर तसं लिहून लावू."

मग मी साहेबासमोर जाऊन उभी राहिले. हात थरथरत होते, ते मी लपवले नाहीत. म्हटलं:

"ऐक. आज दिवस मावळायच्या आत त्या म्होरक्याला लिहायचं. यंत्र माझ्या आईने भंगारात घातलं, हे लिही, आणि 'अडाणी' असा शब्द घालून मला सोडवू नकोस. बायकोचं नाव दिसलं तरी मी राहू दिलं, हे लिही. 'चुकून' लिहिलंस तर बोटं मोडीन, मग काय टाइप करायचं ते कर. लिहून झालं की तुझा शिक्का आपणहून परत दे, ते मागेपर्यंत बसून राहू नकोस. त्या परिचारिकेला वेगळं लिही, आणि तिने शिव्या दिल्या तर त्या मला मोठ्याने वाचून दाखव. ही जाणार आहे. हिला थांब म्हणायचं नाही, रडायचं नाही, हात तर मुळीच जोडायचे नाहीत, त्यांचं काय होतं ते बघितलं आम्ही. यंत्रं तू खाली आणायचीस, एकेक करून, आणि गाडीत ठेवायचीस. जेवायला वेळेवर ये. पोटचा आहेस, त्याला आता माझ्याकडे इलाज नाही. पण उद्यापासून या दुकानात तू फक्त वजनं पुसायची. काट्यावर ठेवायची नाहीत."